मुरघास

मी पाच नंबरची बस चालवतो,
स्टेशन ते लाकूडगिरणी, गिरणी ते स्टेशन.
जून लागला की बालवाडीच्या वळणावर
रस्ता संपतो आणि भिंत सुरू होते:
दोन पुरुष उंच बोर्शेविक,
दांडे मनगटाएवढे, वर पांढऱ्या छत्र्या,
एखादी मिरवणूक उभ्या उभ्याच झोपी गेल्यासारखी.
पलीकडून कोण येतंय, दिसत नाही.
मी हॉर्न देतो, पलीकडचाही देतो.
दोन आंधळे एकमेकांना खाकरून दाखवतात.

गेल्या वर्षी वार्वाराच्या, आमच्या कंडक्टरबाईच्या, तिखोननं
पोकळ दांड्याची दुर्बीण केली.
तिच्यातून त्यानं कारखान्याचं धुराडं पाहिलं, एक घार पाहिली.
तेव्हा काहीच झालं नाही.
चीक पाण्यासारखा असतो, झोंबत नाही,
तो फक्त कातडीचं दार उघडून ठेवतो.
आत शिरतं ते ऊन.
दुसऱ्या दिवशी डोळ्याभोवती फोडांचं कडं.
डोळा वाचला.
डाग आहे अजून,
चहाचा कप ठेवून उचलावा तसा.

नगरपालिकेनं फलक लावला : हात लावू नये.
या जूनमध्ये फलक दिसेना.
चोरला नव्हता कुणी, झाकला गेला होता.
कापणारे ऑगस्टमध्ये आले, बी झडून गेल्यावर.
वरातीमागून घोडं, तेही भाड्याचं.

सकाळी पाच वीसच्या बसला
अग्निया फ्योदोरोव्ना चढते.
ऐंशी कधीच ओलांडलीय.
आभाळ कोरडं, तरी अंगात पिवळा रेनकोट,
कोपरापर्यंत रबरी मोजे, हातात फावडं.
बसत नाही. सीटला चीक लागेल म्हणते.
मागच्या दारापाशी उभी राहते
आणि मला सांगते, उन्हाकडचा पडदा ओढ.
तिकीट मी मागत नाही.
ती मोजा काढून, मोजून, सुटे ठेवते.

एकदा विचारलं, तुम्हीच का?
म्हणाली, मीच पेरलाय.
सरकारी शेतीवर होते, नवी कोरी कृषी अधिकारी.
मक्याला इथला उन्हाळा पुरत नव्हता,
गाईंना हिवाळाभर काहीतरी हवं होतं.
हा असा वाढला की आकडा कागदात मावेना.
मला मनगटी घड्याळ मिळालं बक्षीस.
खड्डे भरभरून मुरघास घातला, गाईंनी खाल्ला.
दुधाला वास यायला लागला, बडीशेपेसारखा,
मागून कडू.
आम्ही म्हटलं, होईल सवय.
मग शेती मोडली. गाई विकल्या, ट्रॅक्टर विकले, छपराचे पत्रेसुद्धा.
याला गिऱ्हाईक मिळालं नाही.
हा चालत शहरात आला.

म्हणून रात्री खणते.
पण आमच्याकडे जूनला रात्र असते कुठे?
सूर्य सिसोलापलीकडे जरा पाठ टेकतो
आणि तसाच उठतो, न झोपलेल्या माणसासारखा.
तेवढ्यात जमतील तेवढी मुळं.
वरून छाटलास तर चवताळून फुटतो, ती सांगते,
मातीखाली वीतभर जायचं आणि मान तोडायची.
किती झाली? आज एकोणीस.
आणि बी? बी मातीत पाच-सहा वर्षं जागं असतं.
माझं वय तुला माहीत आहे.
घाल हिशेब.

मी घातला नाही.

जुलैच्या शेवटी एका सकाळी
वळणावर माझा हात सवयीनं हॉर्नवर गेला
आणि समोर रस्ता होता.
पार टपरीपर्यंत, सबंध.
त्यावर ओंडक्यांचा एक ट्रक उभा,
ड्रायव्हर थर्मासमधून चहा पीत होता.
नऊ वर्षं आम्ही एकमेकांवर भोंगे वाजवले,
त्याला मिशा आहेत हे मला ठाऊक नव्हतं.
त्यानं झाकण वर केलं. मीही हात केला.

मागे वळून म्हटलं, बघितलंत?

ती रस्त्याकडे बघतच नव्हती.
पडद्याच्या फटीतून खाली, गटाराच्या कडेला,
तळहाताएवढी, करवतीच्या दातांची
कोवळी पानं मोजत होती.
इथं थांबा नाही, मला माहीत आहे, ती म्हणाली.

मी दार उघडलं.